मोहाच्या दिवसांतली दुपारची शाळा

माझ्या निरोपाच्या दिवशी मी शालीवरून रुसून निघून गेलो, असे सावली गावापासून मूल गावापर्यंत आजही सांगितले जाते. शाल हलकी होती म्हणे. हे सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या मांडवात नव्हते, आणि जे होते त्यांचे डोळे पंगतीकडे लागले होते. शाल उत्तम होती. मी ती ठेवून आलो त्याचे कारण निराळे होते, आणि ते पुरते जाणणारा माणूसच त्या दिवशी सभा चालवत होता.

आमच्याकडे चैत्रात मोह गळतो. फुले पहाटे पडतात. ऊन चढण्याआधी वेचली नाहीत तर गुरे आणि हरणे ती संपवतात. जंगलालगतच्या टोलीतली, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्तीतली, कुटुंबे त्या दिवसांत लेकराबाळांसह झाडाखाली असतात, कारण पुढे पावसाळाभर त्यांची चूल त्या फुलांवर पेटते. उन्हाळ्यात इतर सर्व गावांत सकाळची शाळा भरे. मी मात्र मोह सरेपर्यंत दुपारची भरवीत असे. खिडक्यांना बांबूचे तट्टे बांधून आम्ही त्यांवर पाणी मारत असू. गावातले धानवाले शेतकरी पोरे उन्हात तापतात म्हणून कुरकुरत, वरून शाळाखात्याचे साहेब येऊन जाब विचारत. मी दोघांशीही भांडत असे. हा उपकार नव्हता. पोरे शाळेत घाला, मोह बुडू देणार नाही, असा शब्द मी टोलीतल्या बापांना दिला होता.

माझ्या जागी येणारा मास्तर माझाच विद्यार्थी. त्याला मुळाक्षरे मी गिरवायला लावली, आणि त्याच्या नेमणुकीसाठी साहेबांपुढे शब्दही मीच टाकला.

निरोपाची सभा त्याने सकाळी ठेवली, मोह ऐन भरात असताना. मांडवात टोलीतले एकही माणूस नव्हते. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "दुपारी लोकं तापतीन ना, गुरुजी. तरास तुमालेच होईन." बोलण्यात तथ्य होते, म्हणून मी जाऊन खुर्चीवर बसलो. पुढे भाषणात मात्र त्याने जाहीर केले, की गुरुजींच्याच इच्छेप्रमाणे उद्यापासून आपली शाळाही सकाळी भरेल. टाळ्या पडल्या. धानवाल्यांनी तर हात दुखेपर्यंत वाजवल्या.

मी उभा राहिलो. "ही माझी इच्छा नाही. हा खोटे बोलतो आहे," एवढेच म्हणालो.

गावच्या पाटलांनी माझा दंड धरला. "गुरुजी, आज तुमचा सत्कार हाय. आजच्या दिवशी तरी भांडू नोका."

सगळा मांडव हसला. मी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि थेट टोलीची वाट धरली.

टोलीचा म्हातारा मुखिया अंगणात फुले पसरत होता. त्याची नातवंडे माझ्या शाळेत होती. "आले काय गुरुजी," तो म्हणाला. "तुमचा मास्तर परवाच सांगून गेला. तुमीच म्हनले म्हने, आता सकाळची शाळा. आमी म्हनलं, जाता जाता गुरुजीले काय झालं?"

"मी असे म्हणालो नाही."

"मंग पोरं दुपारी पाठवू काय?"

मी खाली बसून त्याच्यासोबत फुले पसरू लागलो. त्याने फुलांवरून हात फिरवला. "तुमी तं चालले. मोह थोडाच थांबून राह्यते कोनासाठी."

दुसऱ्या दिवशी मोटार धरायला निघालो. वाट शाळेवरूनच जात होती. आत हजेरी चालली होती. टोलीतल्या एका मुलीचे नाव आले, उत्तर नव्हते. मी दारातून मोठ्याने म्हणालो, "मोहावर आहे." पुढे तिच्या भावाचे नाव आले. "मोहावर आहे." मी वर्गात शिरून तमाशा केला, असे नंतर पसरवण्यात आले. मी उंबरठा ओलांडला नव्हता, आणि बोललो ते अक्षरशः खरे होते.

त्याने मान वर केली. "गुरुजी," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमची मोटार चुकन."

पोरे हसली. आदल्या दिवसापर्यंत ती माझी होती.

"गैरहजर," असे म्हणून त्याने पुढचे नाव घेतले.