पालच्या घाटातलं पंक्चर

चेनला ग्रीस लावलं की धूळ आपोआप येऊन बसते. आमच्या सायकल ग्रुपात किस्से असेच साठले. मी यावलचा सायकल दुरुस्तीवाला, सगळे आबा म्हणतात. शिक्षण चौथी. घडलं तेवढंच लिहितो.

*

ग्रुपातल्या डॉक्टरांची सायकल एका बोटावर उचलते. वजन नको म्हणून त्यांनी मडगार्ड काढलं, स्टँड काढला, घंटीसुद्धा काढली! एका सकाळी पाहतो तर पाठीवर फुगलेली सॅक.

"यात काय?"

"केळी. वाटेत लागतील म्हणून दोन डझन घेतली!"

मी म्हणालो, "डॉक्टर, घंटी परत बसवून घ्या."

*

वंदनाताई शाळेत शिक्षिका. निघताना सगळ्यांची हजेरी घेतात. "आलो" चालत नाही, "हजर" म्हणावं लागतं. एकदा डॉक्टर उशिरा आले. ताईंनी विचारलं, "पालकांची चिठ्ठी आणली का?" डॉक्टर पन्नाशीचे!

शाळा सुटल्यापासून माझं नाव हजेरीत पहिल्यांदा इथेच आलं. मी "हजर" मोठ्याने म्हणतो.

*

भिकनभाऊ धुळ्याचे, बसचे रिटायर ड्रायव्हर. रस्ता रिकामा असला तरी वळणावर हात दाखवतात. चढ लागला की एकच वाक्य, "आते थोडंसंच ऱ्हायनं, आबा!"

तासभर तेच ऐकलं. शेवटी विचारलं, "भाऊ, थोडंसं म्हणजे किती?"

"बसमा दहा मिन्टं!"

*

मग पालला जायचं ठरलं. खिरोद्याच्या पुढे घाट. दमलेल्यांसाठी मागून टेम्पो. हजेरी झाल्यावर डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, तुमच्या सायकलला गिअर नाही. दमलात की टेम्पोत बसा."

मला राग आला. "चढावर दमून मी आजवर सायकलवरून उतरलेलो नाही. उतरलो तर त्याच दिवशी ग्रुप सोडला!"

कुणी हसलं नाही. मी बोलतो ते करतो, हे त्यांना माहीत आहे.

घाटात तरुण मंडळी पुढे निघून गेली. डॉक्टर, ताई आणि भिकनभाऊ हे तिघे माझ्यापुढे दहा हातांवर. गिअर असून हळू चालले होते. तीन वळणं मी चढलो. चौथ्याला छातीचा भाता झाला. मांड्या थरथरायला लागल्या. मागे टेम्पोचा आवाज. आता पाय टेकणार, तेवढ्यात वंदनाताई ओरडल्या, "आबा, थांबा! पंक्चर!"

पंक्चरला उतरावंच लागतं. ते माझं काम आहे.

मी त्यांचं टायर दाबलं. दगडासारखं.

"माझंही गेलं वाटतं," डॉक्टर म्हणाले. तेही दाबलं. दगडासारखं.

"मनं बी, आबा!" भिकनभाऊ.

तिघेही दरीकडे बघत उभे. मी पिशवी उघडली. पान्हे ओळीत मांडले. ताईंच्या चाकाची ट्यूब काढली, हवा भरली, बाटलीतलं पाणी लावून बोट बोट तपासली. सावकाश. श्वास जागेवर आला तेव्हा ट्यूब परत बसवली.

"मोठं होतं का हो पंक्चर?" ताईंनी विचारलं.

"बारीक होतं. पण वेळ खाल्ला."

डॉक्टरांनी सॅकमधून केळं काढून दिलं. खाल्लं. सायकलवर बसलो.

वर पोचल्यावर ताईंनी पुन्हा हजेरी घेतली.

"आबा?"

"हजर!"