पट्टीखालचा कापूस

आमच्या बाबांचा कशावरच भरवसा नव्हता. "विश्वास त् पानिपतातच गेला," म्हणायचे. अकोटच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापूस पारखायचे. चिमूटभर ओढून धागा कसा आहे ते सांगायचे. साखरेच्या आजारानं पाय इतके बधिर झालेले, की चपलेचा खिळा अंगठ्यात रुतला तरी त्यांना कळलं नाही. जखम चिघळली तेव्हा मी आणि आईनं त्यांना अकोल्याला नेलं.

डॉक्टरांनी जखम धुऊन व्हॅसलिनची जाळीदार पट्टी ठेवली, वर कापसाचा जाड थर बांधला. "पुढच्या खेपेपर्यंत सोडायचं नाही. नाहीतर पाय जाईल," असं बजावलं. परतताना बसमध्ये बाबा पट्टीच्या कडेचा कापूस चिमटीत चोळत बसले.

"मेलेला कापूस हाय हा. धुऊन धुऊन जीव काढला याचा."

घरी जखमेला वास यायला लागला. आईला एकच संशय: चोरून गोड खातात. तिनं गुळाचा डबा कुलपात घातला, बाबांचे खिसे तपासले, मला त्यांच्या मागावर ठेवलं.

"खरं सांगा, कुठी खाऊन राहिले गूळ?"

बाबा गप्प. तीच आम्हाला कबुली वाटायची. मला तर भयंकर राग यायचा. पाय जायची वेळ आली आणि या माणसाला जीभ आवरत नाही!

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि ते थबकले. "हा कापूस माझा नाही."

जिनिंगमधला होता, लांब धाग्याचा, एक नंबरचा. त्याखाली पाणी साचून अंगठा सडला होता.

"चांगला कापूस लावला त् काय बिघडलं?" बाबा तडकले.

डॉक्टरांनी वाटीभर पाण्यात दोन्ही कापूस टाकले. दवाखान्यातला भिजून बुडाला, आमचा तरंगत राहिला. "कच्च्या कापसाच्या अंगाला मेण असतं, तो पाणी पीत नाही. म्हणून तर धुऊन घेतात." बाबांनी बोटानं आपला कापूस बुडवून पाहिला; तो पुन्हा वर आला.

अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

घरी जाताना बसमध्ये आईनं विचारलं, "गूळ खाल्लाच नव्हता, त् मंग बोलले काहून नाही?"

"तू गूळ शोधून राहिली होती," बाबा म्हणाले, "म्हनून पट्टीकडं कोनी पाहे नाही."

अकोट येईपर्यंत आईनं त्यांच्या पट्टीवरचा आपला हात काढला नाही.