इंजन मागं घ्या

आमच्या विहिरीतला गाळ काढायच्या आधी जे मिस्त्री डिझेल इंजन लावून पाणी उपसतात, त्यांच्या खिशात कायम उदबत्तीचा पुडा असतो. विहिरीच्या काठावर एक उदबत्ती पेटवून ते धूर कुठं जातो ते बघत बसतात. मी कितीतरी वर्षं त्यांना देवभोळे समजत होतो.

मागच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ दोन मित्रांसोबत डोंगरातल्या गुहेत अडकला. ओढ्याचं पाणी आत शिरून गुहेचं तोंड जवळजवळ बुजलं होतं. वरच्या फटीतून तिघांच्या हाका ऐकू येत होत्या. आम्ही मिस्त्रींना बोलावलं आणि त्यांचं इंजन उचलून थेट गुहेच्या तोंडाशी ठेवलं. त्यांनी उदबत्ती पेटवली. धूर सरळ फटीतून आत गेला.

“इंजन मागं घ्या. त्या दगडापल्याड.”

तेवढा लांब पाइप जोडण्यात पाऊण तास जाणार होता आणि पाणी चढत होतं. मी त्यांची कॉलर धरली, नको ते बोललो. ते खाली बघून पाइपाला तार आवळत राहिले.

“पाण्यातला माणूस हाक तरी मारतो,” ते म्हणाले. “धुरातला गुमान झोपून जातो.”

संध्याकाळी तिघं आपल्या पायांनी बाहेर आले.

तो विषय मिस्त्रींनी पुन्हा कधी काढला नाही. माफी मागायचं माझंही राहून गेलं. परवा ते गाळाच्या कामाला आले, तेव्हा त्यांनी सांगायच्या आधीच मी इंजन ओढत लांब नेलं.

त्यांनी उदबत्ती पेटवली, धूर बघितला.

“आजून थोडं,” म्हणाले.