उडदाचं गॅस्केट

सन १९३७. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि मला न कळणारं असं जगात काही उरलं नव्हतं. शाळा दुसरीतच सोडली होती. पुढे शिकवण्यासारखं मास्तरांकडे काही असेल असं वाटलं नाही.

माळव्यात धारजवळ आमची शेती. त्या वर्षी हट्ट धरून मी थोरल्या दादांना हिरा-माणक ही बैलजोडी शेजारच्या गोकुळ पटेलाला विकायला लावली आणि एका सरदाराचा जुना ट्रॅक्टर घरी आणला. लोखंडी दातेरी चाकं, पोटात घासलेट, आवाज असा की तीन शेतांपलीकडचे मोर उडावेत! बैल गेले तेव्हा वहिनी दाराआड रडल्या. मी छाती ठोकून म्हणालो, "वहिनी, यंदाचा गहू मी यानंच पेरीन. नाही पेरला तर पटेलाच्या दारात जाऊन टोपी काढीन!" (माणसानं बोलण्यात टोपी मध्ये आणू नये.)

पेरणीला दोन दिवस उरले आणि मागच्या उजव्या चाकाच्या ॲक्सलमधून तेल गळू लागलं. मनावर गावाहून मिस्त्री आला. त्यानं चाक उतरवलं, जोड उघडला आणि कागदाचं एक फाटकं काळं कडं माझ्या हातावर ठेवलं.

"भिया, ये गॅस्केट गया. दो लोहे के बीच में ये नी रहा तो तेल रुकेगा नी. इंदोर से मँगाओ, आठ दिन लगेंगे."

"आठ दिवस? जमिनीतली ओल काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"तो बैल से बो लो."

झालं! बैलाचं नाव निघालं आणि मी मिस्त्रीला तिथूनच वाटेला लावलं.

आमचे पणजोबा दरबारच्या गवंड्यांचे मुकादम. चुना, गूळ आणि वाटलेले उडीद कालवून त्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. मी दादांना समजावलं, "इतक्या वर्षांत पावसाचा थेंब आत आला नाही, तर तेलाचा थेंब बाहेर कसा जाईल?"

दादा शांतपणे म्हणाले, "अरे, भिंत जागची हलत नाही. चाक फिरतं."

"दादा, तुम्ही फार शंका काढता!"

चुना होता, गूळ होता. उडीद वहिनींनी कुळधर्माच्या वड्यांसाठी वाटून ठेवले होते, म्हणजे तेही होतेच. तिन्ही कालवून ॲक्सलच्या जोडावर बोटभर जाड थर थापला. (इंदोरचं गॅस्केट पुढे आलं, ते पापडाहून पातळ होतं!) बोल्ट आवळले तसा माल आत-बाहेर दोन्हीकडे पसरला. बाहेर आलेला मी पुसून काढला. आत गेलेला दिसत नव्हता, म्हणजे गेला नसणार.

"भाऊजी, वड्याचं पीठ कुठं गेलं?"

"मांजरानं खाल्लं असेल."

"मांजराचे हात चुन्याचे होते का? पातेल्यावर पाच बोटं उमटलीत. आणि तुमच्या ट्रॅक्टरला मुंग्या लागल्यात!"

पेरणीच्या दिवशी बांधावर सगळं गाव जमलं. नारळ फोडला, ट्रॅक्टर सुरू केला. चाळीस पावलं सरळ गेलो. एक थेंब गळला नाही! मी मागे वळून दादांकडे असं पाहिलं की पणजोबांनीही मान डोलावली असती.

तेवढ्यात आतला चुना उजव्या चाकाच्या ब्रेकमध्ये जाऊन घट्ट बसला. उजवं चाक अडलं, डावं फिरत राहिलं, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी गोल फिरू लागला!

"थांबव!" दादा ओरडले.

"नाही थांबवणार! सुटेल आपोआप!"

दुसरा फेरा. तिसरा. पोरं मोजायला लागली. गोकुळ पटेल बांधावरून हात जोडून म्हणाला, "भिया, बोवनी तो हुई नी, और आपने मळणी चालू कर दी?"

पेरणीआधीच मळणी! सारा बांध हसला. दादाही हसले, फक्त तोंडावर उपरणं धरून. मी मात्र ताठ बसून आणखी चार फेरे मारले. मग चाक मऊ मातीत आसापर्यंत रुतलं आणि आमच्या घराण्याचा मान एकदाचा स्थिर झाला.

रात्री वहिनींनी मला पाटावर बसवलं. कुळधर्माचं पान वाढलं. वरण होतं, भात होता, पुरण होतं. वड्यांची जागा तेवढी मोकळी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पटेलाच्या दारात उभा राहिलो आणि टोपीला हात घातला. तो म्हणाला, "रेने दो भिया, ठंड है," आणि त्यानं आपणहून हिरा-माणकचे कासरे माझ्या हातात दिले. हिरानं माझा खांदा हुंगला. गुळाचा वास अजून गेला नसावा.

अंगणात वहिनी ओवाळायला उभ्याच होत्या. हिराला कुंकू लावलं, माणकला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, टोपी काढा. तिसऱ्याला लावायचं राहिलंय."

मी टोपी काढली आणि मान पुढे केली.