तळमजल्याचा गरम नळ

राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी तळमजल्याला राहतो. पुढे माझं प्लास्टिकच्या भांड्यांचं दुकान, मागे घर. जयसिंगपूरच्या बाजारात सायकलला बादल्या बांधून विकण्यापासून सुरुवात केली आणि कुणाचा हात न धरता इथवर आलो. त्यामुळे कुणी फुकटचं शहाणपण शिकवलं की माझं डोकं फिरतं.

घरोघरचे विजेचे गिझर काढून गच्चीवर सगळ्यांचं मिळून सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा घासाघीस करायला मलाच पुढे केलं. सोलरवाल्याच्या अंदाजपत्रकात एक रिटर्न लाईन होती. म्हणजे पाईपात गार होऊन थांबलेलं पाणी छोट्या पंपाने परत वर नेणारा दुसरा पाईप. बाकी सगळं मी तासून घेतलं, पण त्या पाईपला हात लावू दिला नाही. गच्चीपासून माझ्या मोरीपर्यंत एवढा लांब पाईप, रात्रभरात त्यातलं पाणी गार होणारच. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे चेअरमन, बँकेतून रिटायर झालेले, म्हणाले की ही सोय एकट्या तळमजल्याची आहे, तिचा भार सगळ्यांनी का उचलायचा. हात वर झाले आणि लाईन गेली. मी भांडलो, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही.

सोलर बसलं. विजेचं बिल उतरलं, हे खरं. पण मी पहाटे पाचला अंघोळ करतो, कारण खेड्यातले दुकानदार पहिल्या एस.टी.ने माल न्यायला येतात. नळ सोडला की आधी तीन बादल्या गार पाणी यायचं, मग कोमट, मग गरम. गिझर मोरीतच असायचा, तेव्हा हा प्रकार नव्हता. एक बादली दुकान पुसायला लागायची, एक गाडी धुवायला. रोज काय काय धुणार? उरलेलं गटारीला जायचं.

त्या थंडीत शहराच्या मोठ्या पाईपलाईनचं काम निघालं आणि नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. आमची टाकी सकाळी नवाच्या आत संपायला लागली. गुन्हेगार शोधायला कुणाला वेळ लागला नाही. पहाटे गटारीत पाणी पडताना सगळ्यांनी ऐकलं होतं. चेअरमन प्लंबरला घेऊनच खाली आले. माझ्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा ठरवूनच आले होते.

"अहो, सगळ्यांच्या पाण्याचा प्रश्न आहे," चेअरमन म्हणाले. "तुम्ही आपलं गॅसवर तापवून घ्या."

"करा बंद," मी म्हणालो. "पण उघडायची पाळी आली तर मला इचारल्याशिवाय हात लावायचा न्हाय."

मी हे रागात बोललो होतो. पुढे काय होणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी पहिल्या मजल्यावरचे शिक्षक दुकानात आले. आम्ही त्यांना सर म्हणतो. म्हणाले, आमच्याकडं आता गरम पाणी येतच नाही लवकर, आधी नळ सोडला की लगेच यायचं. मला हसूच आलं. गच्चीवरून पाईप एकच उतरतो आणि प्रत्येक मजला त्यातूनच पाणी घेतो. पाचला मी गार पाणी काढून टाकलं की पाईप गरम पाण्याने भरायचा, आणि सहा-साडेसहाला उठणाऱ्यांना ते तयार मिळायचं. आता सगळ्यांत खाली सर होते. माझ्याऐवजी त्यांचं गार पाणी गटारीला जात होतं, आणि टाकी अजून नवाच्या आतच संपत होती.

सरांनी हे वर सांगितलं असावं. रविवारी चेअरमन आले, या वेळी प्लंबरशिवाय. झालं ते झालं, व्हॉल्व्ह उघडतो म्हणाले. मी म्हणालो, आधी रिटर्न लाईन. ते म्हणाले, आत्ता उघडू, लाईन पुढच्या वर्षी घालू. पुढच्या वर्षीचा वायदा मी बाजारात आयुष्यभर ऐकलाय.

"आणि तोवर आम्ही काय करायचं?" चेअरमननी विचारलं.

"तोवर सरांनी उठावं की पाचला," मी म्हणालो.

सर माझ्याच दारात उभे होते. त्यांचं तोंड उतरलं.

बायकोने मात्र सुनावलं. "धडा लोकांना शिकवताय आणि उकळतं पातेलं मी उचलतीय." दुसऱ्या दिवसापासून पातेलं मी उचलू लागलो. एकदा पायावर सांडलं, तेही तिला सांगितलं नाही.

शेवटी कमिटी नमली आणि होळीच्या आधी रिटर्न लाईन पडली. व्हॉल्व्ह माझ्यासमोर उघडला. तांब्याभर गार पाणी आलं आणि मागोमाग गरम. त्यानंतर टाकी दुपारपर्यंत पुरू लागली.

पुढच्या मीटिंगमध्ये चेअरमननी सांगितलं की पाण्याची बचत व्हावी म्हणून कमिटीने दूरदृष्टीने रिटर्न लाईनचा निर्णय घेतला. टाळ्या पडल्या. लाईन मुळात कुणी मागितली होती, कुणी नाकारली होती, कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी बोलायला उठलो होतो. शेजारी बसलेल्या सरांनी सदरा धरून मला खाली बसवलं.