स्टेनोबाईंची वही

घरातल्या याद्या स्टेनोबाई शॉर्टहँडमध्येच लिहायच्या. साबण, साखर, सासूबाईंच्या गुडघ्यांचं मलम, सगळं स्वयंपाकघराच्या दाराला टाचलेल्या कागदावर, जाड-बारीक रेघांत आणि टिंबांत. सासूबाई म्हणायच्या, "मुंग्यांना शाई पाजून कागदावर सोडल्यात हिने." नवरा ती यादी घेऊन निमूट दुकानात जायचा आणि तिथून फोन करायचा, "अगं, तिसरी मुंगी म्हणजे काय?"

तीस वर्षं त्या कोर्टात स्टेनो होत्या. नंतर आलेल्या मुली साहेब बोलतील तसं थेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या. बाई मात्र पेन्सिल आणि वही घेऊन बसायच्या आणि मग टाइप करायच्या. त्या वहीत तीस वर्षांत कुणी डोकावलं नव्हतं. पंख्याच्या पात्यांकडे जसं कुणी पाहत नाही, तसं.

मशीनवाले काका त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. कोर्टात टाइपरायटर होते तेव्हा ते दर महिन्याला यायचे, तेलाची बुधली आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन. "बाई, तुमचं मशीन माझ्या बायकोपेक्षा कमी कुरकुर करतं," हा त्यांचा ठरलेला विनोद. टाइपरायटर गेले, पण काकांचा जीव त्यांच्यातून निघेना. बंद पडलेल्या टायपिंग क्लासांतून, कचेऱ्यांतून ते भंगारातली मशीनं उचलून आणायचे आणि गिऱ्हाईक नसताना दुरुस्त करत बसायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यांना घरातून उचलून नेलं होतं. खटला नाही, आरोपपत्र नाही. देशाच्या सुरक्षेसाठी स्थानबद्ध, एवढंच. कारण एका बंद पाकिटात होतं आणि पाकिटावर लाख होती.

काकू प्रत्येक तारखेला कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसायच्या. डबा आत जाऊ देत नसत, तरी आणायच्या.

"बाई, तुम्ही तर आत असता. काय केलंय हो यांनी?"

"मलाही माहीत नाही, काकू," बाई म्हणायच्या, आणि तेव्हा ते खरं होतं.

त्या दिवशी स्थानबद्धता आणखी सहा महिने वाढवायची की काकांना सोडायचं, हे ठरायचं होतं. काकांचे वकील तावातावाने उठले. "साहेब, माझ्या अशिलाने काय केलं ते मला कळू तरी द्या."

"पाकिटात आहे," सरकारी वकील म्हणाले.

"मग उघडा पाकीट."

"तुमच्यासमोर उघडलं तर गुपित फुटेल."

"म्हणजे मी उत्तर द्यायचं कुणाला? पाकिटाला?"

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली आणि हसू विझलं. बराच वाद झाला. शेवटी साहेबांनी सांगितलं की पाकीट ते स्वतः पाहतील, काका आणि त्यांचे वकील बाहेर थांबतील. आत फोन नको, कॉम्प्युटर नको, नोंद हातानेच घ्यायची.

बोलण्याच्या वेगाने हाताने लिहिणारं अख्ख्या इमारतीत एकच माणूस उरलं होतं. बाईंपुढे एक छापील कागद आला. आतला एक शब्द बाहेर गेला तर सात वर्षं कैद. बाईंनी सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक आली.

दार लागलं, खिडक्या लागल्या. कागद उडू नयेत म्हणून पंखाही बंद झाला. गुप्त विभागाचा अधिकारी तरुण होता, बाईंच्या भाच्याच्या वयाचा. त्याने लाख फोडली, प्लास्टिकमध्ये घातलेले पाच कागद टेबलावर मांडले आणि बोलू लागला. बाई लिहू लागल्या.

"हे त्याच्या घरी एका टाइपरायटरच्या झाकणात लपवलेले सापडले. सांकेतिक लिपी आहे. आमच्या तज्ज्ञांना अजून फोडता आलेली नाही. कोपऱ्यात आकडे आहेत, ऐंशी, शंभर. वजनं असावीत. शिवाय लाल शाईतल्या खुणा दुसऱ्याच हाताच्या आहेत. म्हणजे तो एकटा नाही. ही लिपी येणारे आणखी लोक या शहरात मोकळे फिरताहेत. आम्ही त्यांच्या मागावर आहोत."

बाईंची पेन्सिल 'मागावर आहोत'पाशी थांबली. कागद त्यांच्याकडून उलटे दिसत होते. उलटे असूनही वाचता येत होते.

महोदय, आपला माल सात तारखेला रवाना केला आहे.

धडा एक्केचाळीस, व्यापारी पत्र. शॉर्टहँडच्या क्लासमध्ये मास्तरांनी तो त्यांच्याकडून पंचवीस वेळा तरी लिहून घेतला होता. कुठल्याशा क्लासच्या मशीनबरोबर कुणाचा तरी गृहपाठ काकांच्या घरी गेला होता, आणि काकांनी मशीन पुसलं असेल, झाकणाचं अस्तर कशाला उचकटतील?

नकळत बाईंनी वहीवर कोपर आडवं ठेवलं, परीक्षेत शेजारणीला दिसू नये म्हणून ठेवतात तसं. पहिला विचार काकांचा आला नाही. स्वयंपाकघराच्या दाराचा आला. दारावर यादी आहे. मग मुलीचा आला. तिच्या नव्या नोकरीसाठी गेल्याच आठवड्यात पोलीस घरी चौकशी करून गेले होते. पाठीवरून घाम ओघळत कमरेपर्यंत आला.

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्याचाच तर त्या तीस वर्षं पगार घेत होत्या.

"लिहा बाई," न्यायाधीश सांगू लागले. "समोरची कागदपत्रे पाहता स्थानबद्धता वाढवण्यास पुरेसे कारण दिसते."

"साहेब, परत सांगता?"

कोर्टात त्यांच्या तोंडून निघायचं ते हे एकच वाक्य. साहेबांनी परत सांगितलं.

"साहेब, परत सांगता?"

"बरं वाटत नाही का बाई?"

"ते कागद," बाई म्हणाल्या. "मला वाचता येतात."

अधिकारी उठला आणि दार व बाईंच्या मध्ये उभा राहिला. बाईंनी वही त्याच्याकडे फिरवून टेबलावर सरकवली. "हे तेच आहे. शॉर्टहँड."

त्याने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा कागदांकडे. त्याचा चेहरा सैल होईल असं बाईंना वाटलं होतं. तो आणखी आवळला.

"काय लिहिलंय?"

"आपला माल सात तारखेला रवाना केला आहे. पोच मिळताच पुढची खेप..."

"ऐकलंत साहेब?" अधिकारी म्हणाला. "मी हेच सांगत होतो."

आपल्याच तोंडाने आपण काकांच्या गळ्यातला फास ओढला. त्या घाईघाईने म्हणाल्या, "अहो, पुढचं ऐका. पुढे छत्र्या आहेत! बारा छत्र्यांच्या काड्या मोडक्या निघाल्या, त्या बदलून देतो म्हणून दुकानदाराने लिहिलंय. ऐंशी म्हणजे मिनिटाला ऐंशी शब्द. लाल खुणा मास्तरांच्या. छत्र्यांच्या काड्यांपाशी सगळे चुकायचे. मीसुद्धा."

सरकारी वकिलांनी ओठ चावले. न्यायाधीश हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते तसंच लिहिलंय, हे कोण सांगणार? इथे तुमच्याशिवाय ते कुणालाच वाचता येत नाही."

हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या लिपीचे जाणकार हे लोक शोधत होते, त्यातली एक जाणकार आपण होऊन पुढे आली होती.

"पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "छापील. त्यात धडा आहे, शेजारी साध्या अक्षरांत मजकूर आहे. माझ्या घरी, कपाटात, चादरींच्या खाली."

"आम्ही आणू," अधिकारी म्हणाला आणि त्याने त्यांची वही उचलून पाकिटात घातली.

निकाल लांबणीवर पडला. दुपारी साध्या कपड्यांतल्या दोघांबरोबर बाई घरी आल्या. बाहेरच्या बाकावरून काकूंनी त्यांना जाताना पाहिलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

सासूबाई दारात आल्या. "कोण गं हे? पाणी देऊ का?"

"ऑफिसचे आहेत," बाई म्हणाल्या.

चादरी जमिनीवर आल्या. पुस्तक सापडलं. निघताना एकाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. त्याने टाचणी काढली.

"अहो, ती साबणाची यादी आहे!" सासूबाई कडाडल्या.

"ते आम्ही ठरवू, आजी."

नवऱ्याने संध्याकाळभर विचारलं. मग विचारणं सोडलं. जिन्यात पाऊल वाजलं की बाई गॅस बारीक करून कान द्यायच्या. कोर्टात त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवलं होतं, फडक्याने फायली पुसायला. नऊ दिवस असे गेले.

दहाव्या दिवशी काकू त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात डबा नव्हता. "सोडलं हो यांना! सकाळीच घरी आले. का धरलं ते सांगितलं नाही आणि का सोडलं तेही नाही. वकीलसाहेबही म्हणतात, मला कळलं नाही. तुम्हाला काही कळलं का?"

बाईंनी फडकं झटकलं. "नाही, काकू. बरं झालं."

"वाळलेत फार. मशीनं सगळी जप्त केली, तर खिडकीशी नुसते बसलेत."

वही परत आली नाही. पुस्तकही नाही आणि यादीही नाही. त्या संध्याकाळी बाईंनी नवीन कागद घेतला आणि मोठ्या साध्या अक्षरांत लिहिलं: साबण, साखर, मलम.

"आता कसं," सासूबाई म्हणाल्या. "आंधळ्यालाही वाचता येईल."

शेवटी त्यांनी काडेपेट्या लिहिल्या. जरा वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिल्या. मग तो खोडला. खोडलेलं दिसत होतं, म्हणून कागद फाडला, दुसरा घेतला, आणि नवऱ्याच्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "काडेपेट्या तेवढ्या लक्षात ठेवून आणा."