हौदावरची फरशी

नेकनूरच्या रस्त्याने जाताना ती वस्ती लागली, की ते प्रकरण अजूनही डोळ्यांपुढे उभं राहतं. मी तेव्हा बीड शहरातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो.

खबर आली ती उसाच्या फडातून. वस्तीतलं एक जोडपं घराला कुलूप लावून ऊसतोडीला गेलं होतं. शेजारणीने फोनवर सहज सांगितलं, "तुमचे भाडेकरू लई चांगले हायेत." यांनी तर घर कुणालाच दिलं नव्हतं! नवऱ्याने तडक ठाण्यात फोन लावला.

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो. घरात आष्टीकडची एक मेंढपाळ बाई आणि तिची बारावीतली मुलगी. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ. मुलीची परीक्षा तोंडावर आलेली. कुलूप बदललेलं, करारनामा नाही की पावती नाही. वरवर पाहता सरळ घरफोडी, आणि आरोपी या दोघी. महिला शिपायाने त्यांना ठाण्यात आणलं. मुलगी पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊनच बाकावर बसली.

"कावून घुसलात दुसऱ्याच्या घरात?" ठाणे अंमलदाराने दरडावलं.

"घुसलो न्हाई साहेब, भाड्यानं घेतलंय," बाई म्हणाली. "समदं शहर हिंडले. कुणी नोकरी इचारली, कुणी जात इचारली. दारात मेंढरं बांधताल का, असंबी एकानं इचारलं. ह्या माणसानं कायबी इचारलं न्हाई. अन् भाडं आमाला झेपंल असं."

तिच्याकडच्या नंबरावरून तो माणूस उचलला. प्लॉटची दलाली करणारा, कडक इस्त्रीचे कपडे, गोड जीभ. मालकानेच घर सांभाळायला चावी दिली, भाडेकरू ठेवायलाही सांगितलं, असं त्याचं म्हणणं. मालक फोनवर साफ नाही म्हणत होता. शिपायाने "खरं बोल बे" म्हणून आवाज चढवला, पण गडी बधला नाही. अशा माणसांना ओरडा खाण्याची सवय असते. मी चहा मागवला आणि गप्पांच्या सुरात विचारलं, "पाण्याची सोय काय हो तिथं?"

"पाणी न्हाई साहेब तिथं. इकत घ्यावं लागतं. बाईला आधीच सांगितलंय मी."

इथेच तो अडकला. आमच्या बीडला नळ रोज येत नाही. परगावी जाणारा माणूस चावी देतो ती मुळात नळ आला की हौद भरायला. चावी दिली आणि हौद दाखवला नाही, असं होतच नाही. मी मालकाकडून हौदाची जागा विचारून घेतली आणि पंचांना, दलालाला आणि मायलेकींना घेऊन त्या घरी गेलो. पलंग सरकवला, खालची फरशी उचलली. हौद काठोकाठ भरलेला होता. परत आल्यावर हाल नकोत म्हणून त्या जोडप्याने जाताना भरून ठेवलेला. बाई बघतच राहिली. इतके दिवस ती त्या पाण्यावर झोपून पाणी विकत घेत होती. दलालाचा चेहरा उतरला. कुलूप आपणच तोडल्याचं त्याने तिथेच सांगून टाकलं.

मायलेकींवरचा आळ गेला, पण घर तर दुसऱ्याचंच होतं. ते रिकामं करावं लागणार होतं. मुलगी न सांगताच वह्या पिशवीत भरायला लागली. मला वाईट वाटलं, पण कायद्यापुढे इलाज नव्हता. मी मालकाला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून त्याच्या बायकोने फोन घेतला.

"पोरगी कितवीला हाय?"

"बारावीला."

मागे कोयते चालल्याचा आवाज येत होता.

"मंग राहू द्या. पाडव्याला येतोत आमी. तवर झाली परीक्षा तर बरं, न्हाई झाली तर आमी वसरीत झोपू. हितं फडावर पाचटाच्या कोपीतच राहतोत की. अन् हौदातलं पाणी वापरा म्हणावं तिला."

त्या बाईला दारातून परत पाठवणारे सगळे सभ्य लोक होते. त्यांतल्या एकाचंही नाव आमच्या दप्तरात आलं नाही, येणारही नव्हतं. तिला घर मिळालं ते एका लबाडामुळे, आणि टिकलं ते फडातल्या एका बाईमुळे.

निवृत्तीनंतर मी वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने देतो. कुणी विचारायला आलं, की मी एकच गोष्ट विचारतो, पोरं कितवीला आहेत?